जत्रेतले टेबल

१८८३ साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी सरकारला बऱ्याच सूचना केल्या आहेत. त्यांतली एक अगदी व्यवहारी माणसाची आहे. दरसाल श्रावणात प्रदर्शने भरवावीत, आश्विनात शेतपिकांच्या आणि औते हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम ठरणाऱ्या शेतकऱ्यांना बक्षिसे द्यावीत. फुले स्वतः बांधकामाची कंत्राटे घेत आणि भाजीपाल्याच्या धंद्यातही होते. शेतकी खात्याच्या अहवालात काय छापले आहे याचे कुणब्याला सोयरसुतक नसते, हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेजारच्या गावच्या माणसाने पिकवलेले कणीस हातात घेऊन बघायला मिळाले, तर मात्र तो चार प्रश्न विचारतो.

महाराष्ट्रात गर्दीला तोटा कधीच नव्हता. गावोगावच्या यात्रा, आठवडी बाजार, उरूस, पंढरीची वारी आणि १८९३नंतर सार्वजनिक गणेशोत्सव. ज्याला लोकांना काही सांगायचे होते, त्या प्रत्येकाची पावले आपोआप तिकडे वळली. सत्यशोधकांनी जलसे काढले, टिळकांच्या काळातल्या मेळ्यांनी स्वदेशीचा प्रचार केला, सरकारने लस टोचणाऱ्यांचे तंबू ठोकले, काँग्रेसने प्रदर्शने भरवली आणि पुढे पर्यावरणवाल्यांनी नदीच्या घाटावर टेबले टाकली. सगळ्यांची अडचण एकच. गर्दी आयती मिळते, पण ती देवासाठी, बांगड्यांसाठी, पाळण्यासाठी आणि तमाशासाठी आलेली असते. माहिती घ्यायला कोणी जत्रेला जात नाही. या सव्वाशे वर्षांत जी टेबले टिकली, त्यांनी जत्रेचेच एखादे काम अंगावर घेतलेले दिसते. बाकीच्यांची पत्रके भेळ बांधायला गेली.

हे पहिल्यांदा कोणाला उमगले असेल, तर ते टेबल-खुर्ची काहीच नसलेल्या माणसाला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीकाठी ऋणमोचन नावाचे गाव आहे. पौषातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. नदीकाठ चिखलाचा आणि निसरडा. अंघोळीला उतरणारी माणसे घसरून पडत. शेणगावचा डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे पुढचे गाडगेबाबा, तिथे आला तो आधी लोकांना हात देऊन वर काढायला. मग माती-दगड टाकून वाट केली आणि कालांतराने तिथे घाट उभा राहिला. पुढे बाबांची पद्धत ठरूनच गेली. यात्रेच्या गावी दिवसभर खराटा चालवायचा, घाण उचलायची, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे.

त्या कीर्तनाची धाटणी प्रश्नोत्तरांची होती. बाबा वऱ्हाडीत विचारत आणि समोरचा जमाव मोठ्याने उत्तर देई. सावकाराचे कर्ज काढून तेरवी घालावी का, नवसाला बोकड कापावा का, दारू प्यावी का, शिवाशीव पाळावी का, पोरांना शाळेत घालावे की नाही. एरवी यातल्या एकेका प्रश्नावर भर जत्रेत डोकी फुटली असती. पण विचारणारा माणूस दिवसभर आपली घाण काढताना लोकांनी डोळ्यांनी बघितलेला असे. त्याला उलट बोलायला जीभ रेटत नसे. पंढरपूरला ते वर्षानुवर्षे जात राहिले, पण देवळात गेले नाहीत. वाळवंट झाडले आणि गावात धर्मशाळा बांधल्या. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबा गेले. २०००-०१मध्ये राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले आणि त्यातून अनेक गावे खरोखरच झाडली गेली. मात्र त्याच नावाचे फ्लेक्स कार्यक्रमानंतर आठ-आठ दिवस खांबाला लोंबत राहत आणि मग गटारात पडत, ही गंमत सरकारी यंत्रणेच्या कधी लक्षात आली नाही.

सरकारचा जत्रेशी संबंध वेगळ्याच वाटेने आला होता. पटकीची साथ वारीबरोबर गावोगाव पसरते, हे इंग्रजांच्या आरोग्य खात्याने एकोणिसाव्या शतकातच नोंदले. त्यामुळे पंढरपूरची वारी त्यांच्या लेखी भक्तीचा कमी आणि स्वच्छतेचा जास्त प्रश्न होती. यात्रेकरूंवर कर बसला, पाण्यावर पहारे आले आणि पुढे वारकऱ्यांना पटकीची लस टोचून घेण्याची सक्ती झाली. रोग थोपवण्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नव्हते. तरी दंडात सुई खुपसणारा तो तंबू लोकांच्या स्मरणात नाकाबंदी म्हणूनच राहिला.

काँग्रेसची प्रदर्शने सुरू झाली ती शहरी थाटात. १९०१च्या कलकत्ता अधिवेशनाला औद्योगिक प्रदर्शनाची जोड मिळाली. १९०२मध्ये अहमदाबादचे प्रदर्शन बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी उघडले आणि देशी उद्योगांवर मोठे भाषण केले. १९०४मध्ये मुंबईची पाळी आली. ही प्रदर्शने भव्य असत आणि बघणाऱ्यांचे डोळे दिपत. हळूहळू दिपण्यालाच महत्त्व येऊ लागले. गांधीजींना हे खटकत होते. १९३४च्या मुंबई अधिवेशनात ठराव झाला आणि प्रदर्शनांचे काम स्वागत समित्यांकडून काढून चरखा संघ आणि नव्याने निघणारा ग्रामोद्योग संघ यांच्याकडे सोपवण्यात आले. तमाशा नको, शिक्षण हवे, असा त्याचा रोख होता.

या बदलाची खरी परीक्षा झाली खानदेशात. डिसेंबर १९३६मध्ये काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन फैजपूरला भरले. खेड्यात भरलेले हे पहिलेच अधिवेशन. त्यासाठी वसवलेल्या गावाला टिळकनगर नाव दिले होते. मांडव उभारायला शहरातून कंत्राटदार आणायचा नाही, आजूबाजूला जे मिळेल त्यातूनच सगळे उभे करायचे, असा गांधीजींचा आग्रह. त्यांनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले. आपण चित्रकार, बांधकाम आपले काम नव्हे, असे म्हणून बोस आधी अंग काढू लागले, पण गांधीजींनी ऐकले नाही. शेवटी बांबू, तट्ट्या, गवत आणि खादी यांतून कमानी, मांडव आणि प्रदर्शनाची दालने उभी राहिली. अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक निघाली ती बैल जोडलेल्या रथातून. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी बोसांच्या कामाची आवर्जून वाखाणणी केली.

ग्रामोद्योग संघाचे तेव्हाचे विषय ठरलेले होते: हातसडीचा तांदूळ, घाण्याचे तेल, गूळ, हातकागद, मधमाश्या, कातडी कमावणे. या गोष्टी काचेच्या कपाटात मांडून कोणाला काही कळत नाही. घाणा फिरताना दिसावा लागतो आणि कागदाचा लगदा चाळणीवर चढताना बघावा लागतो. खानदेशातला शेतकरी तिथे पाहुणा नव्हता. तेलाचा वास बरोबर आहे की नाही, हे दालनातल्या स्वयंसेवकापेक्षा त्यालाच जास्त कळत होते. फैजपूरच्या प्रदर्शनाचे मोठेपण इथे आहे. बघणाऱ्याला त्याने अडाणी ठरवले नाही.

त्याच सुमारास मनमाडहून पाचशेवर शेतकरी पायी फैजपूरला निघाले होते. काँग्रेसबरोबर तिथे किसान सभेचेही अधिवेशन होते. वाटेतल्या गावांत थांबून हे शेतकरी सारा, कर्ज आणि खंड यांबद्दलच्या आपल्या मागण्या समजावून सांगत. आतल्या प्रदर्शनात खेड्यातल्या धंद्यांना जीव देण्याची गोष्ट चालली होती आणि बाहेरून आलेली ही माणसे शेतकऱ्यांच्या डोक्यावरच्या ओझ्याचा हिशेब मागत होती. दोन्ही एकाच मैदानात मावले, ही त्या अधिवेशनाची श्रीमंती म्हणायची. १९३८च्या अखेरीस वर्ध्याला मगन संग्रहालय उघडले आणि ग्रामोद्योगांच्या प्रदर्शनाला कायमचे घर मिळाले.

स्वातंत्र्यानंतर सरकारी टेबले वाढली. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण नसलेली जत्रा शोधावी लागे. मुंबईत १९६०च्या दशकाच्या अखेरीस महापालिकेने रेल्वे स्टेशनांवरच नसबंदीची केंद्रे उघडली. कल्पना म्हणून ती धाडसी होती: माणूस दवाखान्यात येत नाही ना, मग दवाखाना त्याच्या रोजच्या वाटेवर नेऊ. पण टेबलामागे बसलेल्याला आकडा पुरा करायचा असला की माहिती मागे पडते आणि हात धरणे सुरू होते. ऑगस्ट १९७६मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले. त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो कायदा झाला नाही. पण आणीबाणीत लाल त्रिकोणाची जी धास्ती बसली, ती पुढे बरीच वर्षे आरोग्य खात्याच्या साध्या तंबूलाही भोवली.

‘माहिती घ्यायला कोणी जत्रेला जात नाही’ या नियमाला महाराष्ट्रात एक मोठा अपवाद आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले. तेव्हापासून दसऱ्याला दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला दादरच्या चैत्यभूमीवर लोटणाऱ्या गर्दीत पुस्तकांची दुकाने हाच बाजाराचा कणा असतो. रस्त्याकडेला प्लास्टिकचा कागद अंथरायचा, त्यावर पुस्तिका रचायच्या, कोपऱ्यावर दगड ठेवायचे. बावीस प्रतिज्ञांची कार्डे, दिनदर्शिका, गाण्यांच्या कॅसेट आणि पुढे सीडी, बुद्धमूर्ती, आणि या सगळ्यांच्या मध्ये राज्यघटनेची प्रत. शेजारीच कर्मचारी संघटनांचे, विद्यार्थी संघटनांचे आणि डॉक्टरांच्या मोफत तपासणीचे मांडव, भोजनदानाच्या रांगा.

तिथे कोणाला हाका मारून बोलवावे लागत नाही. दूरच्या गावाहून आलेला मजूर भाड्याचे पैसे वेगळे बांधून ठेवतो आणि उरलेल्या पैशांत कोणते पुस्तक बसते ते बघतो. बाबासाहेबांनीच ही सवय लावली, असे म्हणायला जागा आहे. फैजपूरच्या त्याच वर्षात, १९३६मध्ये, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने त्यांचे अध्यक्षीय भाषण रद्द केले, तेव्हा त्यांनी ते स्वखर्चाने छापले आणि दीड हजार प्रती वाचकांच्या हाती पोचवल्या. १४ एप्रिल १९७९ रोजी राज्य सरकारने त्यांच्या समग्र लेखन-भाषणांचा पहिला खंड काढला. संपादक नागपूरचेच वसंत मून. या जाडजूड इंग्रजी खंडांसाठी दीक्षाभूमीवरच्या सरकारी स्टॉलपुढे रांगा लागू लागल्या. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही असे लोकही ते विकत घेतात, मुलगी वाचेल या हिशेबाने. मराठी प्रकाशक वाचक उरला नाही म्हणून दरवर्षी गळा काढतात. त्यांनी एकदा ऑक्टोबरात नागपूरला टेबल टाकून बघायला हरकत नाही.

पर्यावरणाचे टेबल यामानाने उशिरा आले. १९८०च्या दशकात लोकविज्ञान संघटनेसारख्या गटांनी विज्ञान यात्रा काढल्या. १९८७च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये देशभरातले विज्ञान जथे भोपाळला जाऊन मिळाले. वायुकांडाला तेव्हा तीन वर्षे होत आली होती. त्याच नोव्हेंबरात पश्चिम घाट बचाओ पदयात्रा सुरू झाली. एक तुकडी उत्तरेत नवापूरहून, दुसरी दक्षिणेत कन्याकुमारीहून, आणि साधारण शंभर दिवसांनी दोन्हींची गाठ गोव्यात. जंगलतोड, धरणे, खाणी यांवर वाटेतल्या वाड्यावस्त्यांत बैठका झाल्या. मोहीम मोठी होती आणि तिने कार्यकर्त्यांची एक पिढी घडवली, पण पदयात्रा पुढे सरकली की गावात मागे काय उरते, हा प्रश्न राहिलाच.

उत्तर सापडले ते विसर्जनाच्या घाटावर. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती १९८९मध्ये स्थापन झाली. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सणांना धरून मोहिमा आखल्या. होळी लहान करा, पोळी दान करा. फटाके उडवू नका. विसर्जित मूर्ती आणि निर्माल्य दान करा. शाडूची जागा प्लास्टर ऑफ पॅरिसने घेतल्यापासून नद्या-तळ्यांच्या काठी दुसऱ्या दिवशी जे दिसे, ते भाविकालाही बघवत नसे. अर्धवट विरघळलेले हात, सोंडा आणि मुकुट काठाला लागलेले. प्लास्टरची मूर्ती स्वस्त, हलकी आणि झटपट होणारी, पण पाण्यात ती विरघळत नाही, आणि तिच्यावरच्या रंगांतून जड धातू पाण्यात उतरतात.

घाटावरच्या या टेबलाची मांडणी साधी असे. एक कापडी फलक, दोन टेबले, पाण्याने भरलेली टाकी, निर्माल्याचे पिंप, मेगाफोन आणि कॉलेजातली आठ-दहा पोरे. सारी कसोटी असे ती बोलण्याची. डोक्यावर मूर्ती, मागे लेझीम, पोरं “पुढच्या वर्षी लवकर या” म्हणून ओरडताहेत, अशा वेळी प्रदूषणाचे आकडे कोण ऐकणार? मुरलेला कार्यकर्ता एवढेच म्हणे, “काका, आरती इथंच करा. मूर्ती तीनदा पाण्यात बुडवा, मग आमच्याकडं द्या.” काका थबकत आणि विचारत, “आणि तुम्ही पुढं काय करणार तिचं?” सगळे टेबल या एका प्रश्नावर तरे किंवा बुडे. मूर्ती दगडखाणीत नीट विसर्जित करणार, की मूर्तिकाराला परत देणार, याचे नेमके उत्तर जिथे मिळे तिथे काका मूर्ती देत. पोरगे अडखळले की ते सरळ नदीची वाट धरत, आणि त्यांचे काही चुकत नसे.

विरोधही झाला. हे धर्मात ढवळाढवळ करणे आहे, मूर्ती दान देण्याची वस्तू नव्हे, असे म्हणत काही हिंदुत्ववादी संघटनांनी त्याच घाटावर वाहत्या पाण्यातच विसर्जन करा असे फलक धरले. एका पायरीवर दोन टेबले आणि मधून मूर्ती घेऊन चाललेले कुटुंब, असे चित्र बऱ्याच गावांत दिसले. भाविकाला दोन्ही बाजू ऐकून घेता आल्या, यात वाईट काही नव्हते.

कोल्हापूरकरांनी यात आपली भर घातली. गुऱ्हाळातल्या काहिली त्यांनी विसर्जनासाठी आणून ठेवल्या. ज्या कढईत गूळ होतो तिच्यात देव बुडवायला कोल्हापुरी माणसाला परके वाटले नाही. पुण्यात कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या बाया घाटावर निर्माल्य घ्यायला बसू लागल्या. पिशवी हातात आली की ती उघडायची, दूर्वा-झेंडू-केवडा एकीकडे, नारळ आणि फळे दुसरीकडे, प्लास्टिक, थर्माकोल आणि जरीची माळ तिसरीकडे. फुलांचे खत. हे निवडणे भाविकाच्या डोळ्यांदेखत चालते, त्यामुळे पुढच्या वर्षी बरेच जण पिशवी घरूनच निवडून आणतात. एवढे एका पत्रकाने कधी झाले नसते.

पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने आणखी एक वाट काढली. प्लास्टरची मूर्ती अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्यात ठेवली की साधारण दोन दिवसांत तिचा चुना-गाळ होतो. प्लास्टर म्हणजे कॅल्शियम सल्फेट. रासायनिक क्रियेत त्याचे कॅल्शियम कार्बोनेट तळाशी बसते आणि वर उरते ते अमोनियम सल्फेटचे पाणी, म्हणजे झाडांना चालणारे खत. २०१५-१६च्या सुमारास महापालिकेने ही पावडर वाटायला सुरुवात केली आणि टेबलाचे रूप पालटले. बादलीला अमोनियाचा उग्र वास येतो, तो कसा सोसायचा, घरातल्या बाल्कनीत ठेवावी की नाही, मूर्तीचे दागिने आधी काढायचे का, असले घरगुती प्रश्न स्टॉलवर येऊ लागले. घरगुती प्रश्न येऊ लागले, म्हणजे लोकांनी ती गोष्ट करायचे ठरवले असे समजावे.

नियम मागून आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१०मध्ये विसर्जनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या, मे २०२०मध्ये त्या सुधारून प्लास्टरच्या मूर्तींना बंदी घातली आणि लगेच ती वर्षभर पुढे ढकलली. करोनाच्या वर्षी पुण्यात फिरते हौद दारोदार आले. जून २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती बनवण्या-विकण्याला मोकळीक दिली, मात्र नैसर्गिक जलाशयात विसर्जन नको असे बजावले. जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करण्याचा आदेश झाला.

कार्यकर्त्यांनी तीस वर्षे जे मागितले, त्यातले पुष्कळ आता पालिकेच्या निविदेत शिरले आहे. टाक्या, कनाती, क्रेन, दिवे, निर्माल्य कलश. टेबलही आहे, पण त्यामागे बहुतेक ठिकाणी ठेकेदाराची माणसे असतात. रात्री बाराच्या पुढे ती थकतात, मूर्ती कशाही रचतात, त्याची चित्रफीत सकाळपर्यंत गावभर फिरते आणि पुढच्या वर्षी काही घरे पुन्हा नदीवर जातात. काकांचा जुना प्रश्न कायम आहे आणि ठेकेदाराच्या माणसाला त्याचे उत्तर कोणी शिकवलेले नाही. पालिकांनी हौदांवर खर्च करावाच, पण प्रत्येक हौदापाशी त्याच वस्तीतले दोन-चार ओळखीचे चेहरे मानधन देऊन बसवावेत आणि गोळा झालेल्या मूर्तींचे काय केले, हे त्याच आठवड्यात त्याच जागी फलकावर लिहून लावावे.